या चुका टाळा: काही वर्षांनी पुन्हा कॉकपिटकडे वळताना

इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे येणाऱ्या वैमानिकांचा प्रश्न ठरलेला असतो. "काका, सहा वर्षं विमान चालवलं नाही, आता परत लागायचं आहे. कुठला कोर्स करू?" कोर्सचं नंतर बघू. आधी मेडिकल दाखवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आधी कळस मग पाया. टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या परवान्याच्या कोर्सचे, लाखो रुपये भरायचे आणि मग क्लास वन मेडिकलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीला, जायचं. तिथे वाढलेला रक्तदाब निघाला की 'तात्पुरते अनफिट', आणि कोर्सची तारीख काही तुमच्यासाठी थांबत नाही. त्यात २०२३ पासून सीपीएल आणि एटीपीएल या व्यावसायिक वैमानिकांच्या लायसन्सची मुदत ५ वरून १० वर्षं झाली, म्हणून लायसन चालू म्हणजे सगळं चालू असा समज पसरलाय. मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडवण्याची परवानगी), टाइपवरची प्रोफिशिएन्सी चेक (त्या विमानावरची कौशल्य-चाचणी), प्रत्येकाची मुदत वेगळी. आणि चालू असलेली गोळी लपवू नका. ती कधी ना कधी निघतेच.

दुसरी चूक, "सायकलसारखं असतं, विसरत नाही." हात विसरत नाहीत हे खरं, आणि घोळ नेमका तिथेच होतो. एक हुशार मुलगा, आधी ७३७ वर. घरचा व्यवसाय सांभाळून परतला तो ए-३२० वर. अभ्यास म्हणाल तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. लँडिंग सुरेख करायचा. एकदा सिममध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, ऐनवेळी गो-अराउंड दिला, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चढायला सांगितलं. ७३७ मध्ये थ्रस्ट लिव्हरवरचं (इंजिनाची ताकद ठरवणाऱ्या दांड्यावरचं) टोगा, म्हणजे टेकऑफ/गो-अराउंडचं, बटण दाबायचं असतं. एअरबसमध्ये लिव्हरच पुढे टोगाच्या खाचेत ढकलायचे. याच्या अंगठ्याने सवयीने लिव्हरवरचं लाल बटण दाबलं. ते ऑटोथ्रस्ट, म्हणजे ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, तोडायचं! लिव्हर क्लाइंबच्या, म्हणजे चढाईच्या ताकदीच्या, खाचेत असल्याने इंजिनं गरजली, विमान पळायला लागलं, पण गो-अराउंड मोड लागलाच नाही. नाक कुठे ठेवायचं ते दाखवणारा फ्लाइट डायरेक्टर अजून ग्लाइडस्लोपच, म्हणजे धावपट्टीकडे उतरायची वाटच, दाखवतोय, आणि हे महाशय त्याच्यामागे नाक खाली नेतायत. समोर एफएमएवर, म्हणजे कुठला मोड चालू आहे ते सांगणाऱ्या पट्टीवर, सगळं लिहिलेलं होतं. वाचलं कुणी?

माझा उपाय साधा आहे. कॉकपिटचं पोस्टर भिंतीवर लावा, समोर खुर्ची टाका आणि रोज मोठ्याने बोला: टोगा, "गो-अराउंड, फ्लॅप्स", एफएमए वाचा, "पॉझिटिव्ह क्लाइंब", "गिअर अप". घरचे हसतील, हसू द्या. मोबाइलवर व्हिडिओ बघणं म्हणजे सराव नव्हे.

इंदूरच्या फ्लाइंग क्लबात छोट्या विमानावर थोडं उडून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. रेडिओला कान सरावतो, बाकी जेटचा स्कॅन, म्हणजे उपकरणांवरून नजर फिरवायची सवय, त्याने येत नाही.

इंग्रजीच्या परीक्षेत लेव्हल ४ मिळाली असेल तर तिची मुदत संपली का ते आजच बघा.

९० दिवसांत ३ टेकऑफ, ३ लँडिंग ही किमान अट आहे. ती भरली म्हणजे तयारी झाली असं नाही.

जुनी सीनिऑरिटी विसरा. शेजारची कॅप्टन वयाने लहान असेल, तिला 'बेटा' म्हणू नका.

सिमचा स्लॉट पुष्कळदा मध्यरात्रीनंतरचा मिळतो. दिल्ली-बंगळूरला त्याच दिवशी पोचून थेट सिममध्ये बसू नका, एक दिवस आधी जा. आणि निघायच्या आदल्या रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत दोन वाजेपर्यंत गराडू (तळलेला कंद) खात बसू नका.