इतिहासाच्या वेडावर पोट भरायचंय? या चुका टाळा

चौथीचं इतिहासाचं पुस्तक ज्यांना तोंडपाठ होतं, ती मुलं आता माइक हातात घेऊन उभी आहेत. कुणी यूट्यूबवर बोलतं, कुणी शाळा-कॉलेजात व्याख्यानं देतं, कुणी रविवारी किल्ला दाखवत फिरवतं. सोलापुरात तर गल्लीला एक सापडेल. सुरुवात झोकात होते, मग बोलावणी आटतात. आवाज कमी पडतो म्हणून नव्हे. कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारतं, “हे कुठं लिहिलंय बे?” आणि उत्तर नसतं.

पहिली चूक याच प्रश्नाची आहे. महाराज काय म्हणाले, मावळा काय म्हणाला, हे संवाद आपण रचतो आणि घडलं तसंच सांगितल्यासारखे फेकतो. रचायला हरकत नाही, पण ‘बखरकार सांगतो’, ‘मला असं वाटतं’ एवढं म्हणायला काय जातं? सभासदाची बखर शिवरायांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आतली, मल्हार रामराव चिटणीसांची त्यानंतर शंभरेक वर्षांनी. दोन्हींचं वजन सारखं धरलं की पुढची सगळी गोष्ट डळमळते.

तारखांचा घोळ त्याहून जास्त होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलेलं. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ७८ मिळवा, १६७४, बरोबर. तोच हिशेब जन्मतिथीला लावा: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. उत्तर येतं १६२९, आणि जयंती तर १६३० ची! शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत इंग्रजी साल पुढे गेलेलं असतं. तिथे ७९ मिळवायचे. शिवाय १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख. आजच्या ग्रेगरियन हिशेबानं ती १ मार्च पडते. तिथी-तारखेच्या वादावर स्टेजवरून बोलायची हौस असेल तर निदान एवढं पाठ असू द्या.

दुसरीकडे सगळ्यांना रायगडच सांगायचा असतो. रायगडावर बोलणारे शेकड्यांनी आहेत, तुमचा नंबर कधी लागणार? पायाखालचं बघा. सोलापूरजवळ भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे, तिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. मंगळवेढ्याजवळ माचणूर, तिथे ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी वर्षानुवर्षं पडून होती. आणि खुद्द शहरात १९३० चा मे महिना. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, १२ मेला मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ही चार आडनावं हळू वाचून दाखवा. गिरणगावाची अख्खी वस्ती डोळ्यासमोर उभी राहते. चार पुतळ्यांच्या चौकातून रोज जाणाऱ्यालाही हे कुणी नीट सांगितलेलं नसतं.

सांगताना शुद्ध पुस्तकी मराठीचा हट्ट मात्र नको. इथल्या श्रोत्यांत घरी कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे भरपूर असतात. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्याबद्दल बोलताना कन्नड वचनाची, म्हणजे त्यांच्या छोट्या भक्तिरचनेची, एक ओळ चुकीच्या उच्चारात म्हटलीत, तर पुढच्या रांगेतल्या आजोबांचा चेहराच सांगतो. आधी त्यांच्याकडूनच म्हणवून घ्या.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी थोडक्यात: सिनेमाचं गाणं मागे लावलं की कॉपीराइट क्लेम येतो आणि जाहिरातीचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जाऊ शकतात. जुना फोटो इंटरनेटवर मिळाला म्हणून तो फुकट होत नाही. संरक्षित स्मारकात स्टँड लावण्याआधी किंवा ड्रोन उडवण्याआधी परवानगीचं विचारून घ्या.

मानधनाचं तोंडी ठरवू नका. ‘नारळ-शाल आहेच की’ म्हणणारा आयोजक मांडववाल्याला मात्र रोख देतो. व्हॉट्सॲपवर रक्कम, वेळ, येण्याजाण्याचा खर्च लिहून घ्या, निम्मे आगाऊ मागा. १२ जानेवारीला या चार हुतात्म्यांचा दिन आणि जिजाऊ जयंती एकाच दिवशी, लागूनच गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, पुढे १९ फेब्रुवारीची शिवजयंती. सगळ्यांना वक्ता तेव्हाच हवा असतो. डायरी नोव्हेंबरातच उघडा.