पाणी उकळताना नेमकं काय तुटतं? अकरावी सायन्सला येणाऱ्यांसाठी

अकरावीच्या पहिल्या सत्र परीक्षेत मला रसायनशास्त्रात ५० पैकी १४ गुण मिळाले. दहावीला विज्ञानात नव्वदीच्या पुढे होते. मंचरच्या मराठी शाळेतून आलेली मी कोथरूडला मावशीकडे राहायचे. तो पेपर तिला दाखवायचं धाडस झालं नाही, महिनाभर गादीखाली होता. आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषयही रसायनशास्त्रच घेतलाय, तरी त्या दिवसाची आठवण आली की पोटात गोळा येतो. यंदा येणाऱ्यांपैकी दोघाचौघांचा तरी तो दिवस टळावा म्हणून हे लिहिते आहे.

संयुजा, अष्टक, इलेक्ट्रॉनची देवघेव आणि भागीदारी हे तुम्हाला येतं, ते पुन्हा सांगत नाही. लुईसच्या ठिपक्यांच्या आकृत्या आठवडाभरात हाताला बसतात. रेणूंच्या आकारांनाही घाबरू नका. इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना दूर ढकलतात आणि एकाकी जोडी, म्हणजे बंधात न गुंतलेली, जरा जास्तच ढकलते, एवढं धरून ठेवलं की मिथेनमधला १०९.५ अंशांचा कोन पाण्यात १०४.५ वर का आला ते आपलं आपल्याला सांगता येतं.

मी अडकले ती जागा वेगळी होती. प्रश्न होता: हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांना उकळतो, मग पाणी १०० अंशांना का? मी लिहिलं की ऑक्सिजन-हायड्रोजन बंध जास्त मजबूत आहे, तो तोडायला जास्त उष्णता लागते. शून्य गुण. शेजारी लाल शाईत फक्त एक फुली.

हे उत्तर मला क्लासमध्ये मिळालं होतं. ‘बंध जितका मजबूत, तितका उत्कलनांक जास्त’ अशी चौकटीत लिहून दिलेली ट्रिक. सर वाईट नव्हते, पण दोनशे मुलांच्या वर्गात हात वर करून ‘असं का?’ विचारायला वेळच नसायचा. माझं स्पष्ट मत आहे, पटो न पटो: ज्या सूत्राबरोबर ‘हे कधी लागू पडत नाही’ हे सांगितलेलं नाही, ते वहीत उतरवूच नका. पहिले तीन महिने तर अजिबात नको.

या ट्रिकचा धोका असा की पुष्कळदा उत्तराचा क्रम बरोबर येतो. ऑक्सिजन-हायड्रोजन बंध गंधक-हायड्रोजन बंधापेक्षा मजबूत आहे हे खरंच आहे आणि पाणी जास्त तापमानाला उकळतं हेही खरंच. दोन खऱ्या गोष्टी शेजारीशेजारी दिसल्या आणि मी एकीला दुसरीचं कारण ठरवून टाकलं. बहुपर्यायी प्रश्नात खपून जातं. कारण लिहायची वेळ आली की आपण उघडे पडतो.

माझी चूक पकडली ती सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझ्या समोर बसणाऱ्या एका ताईने. ती तेव्हा एमएस्सी करत होती. पेपर बघून तिने उत्तर सांगितलं नाही. खाली अमृततुल्यमध्ये चहाला घेऊन गेली आणि उकळत्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, “अगं, तुझ्या म्हणण्याप्रमाणे इथे बंध तुटतायत ना? मग वर काय येतंय?”

मी म्हटलं, “वाफ.”

“बंध तुटले तर वाफ कुठली? हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतील. आणि खाली तर गॅस पेटलेला आहे.”

मी गप्पच झाले. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मिश्रणाला ज्योत लागली की स्फोट होतो, हे मला दहावीपासून माहीत होतं. मग पुण्यातलं एकही अमृततुल्य सकाळचे आठ वाजलेले बघू शकलं नसतं.

तर पाणी उकळतं तेव्हा पाण्याचा रेणू अखंडच राहतो. तुटते ती एका रेणूची शेजारच्या रेणूवरची पकड. आकडेच बघा. एक मोल म्हणजे १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्यातले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सगळे तोडायचे तर नऊशेच्या वर. वीसपटीहून जास्त फरक आहे, तेव्हा ४१ किलोज्यूलमध्ये ते बंध तुटणं शक्यच नाही. ही शेजाऱ्यावरची पकड म्हणजे आंतररेण्वीय बल, आणि पाण्यात त्यातला मोठा वाटा हायड्रोजन बंधाचा. इथे नावच घात करतं. त्यालाही ‘बंध’ म्हणतात, पण तो एका रेणूतला हायड्रोजन आणि दुसऱ्या रेणूतला ऑक्सिजन यांच्यामधला असतो. वहीत मी आजही दोन रंग वापरते, रेणूच्या आतल्या बंधासाठी निळा आणि दोन रेणूंमधल्या ओढीसाठी लाल. हसू देत कोणाला हसायचं तर.

अजून पटत नसेल तर हे करून बघा. हायड्रोजन क्लोराइडचा बंध सुमारे ४३१ किलोज्यूलचा आणि हायड्रोजन आयोडाइडचा सुमारे २९९. ट्रिकप्रमाणे क्लोराइड जास्त तापमानाला उकळायला हवा. उकळतो उणे ८५ अंशांना, आणि आयोडाइड उणे ३५ ला. क्रम सरळ उलटा! आयोडीन मोठा, त्याचा इलेक्ट्रॉनांचा पसारा मोठा, म्हणून रेणूंमधली ओढ जास्त. नायट्रोजनचा तिहेरी बंध तर ९४५ किलोज्यूलचा, आपल्याला भेटणाऱ्या सगळ्यात मजबूत बंधांपैकी एक, आणि नायट्रोजन उकळतो उणे १९६ अंशांना. ट्रिक एवढ्यावरच मोडते.

पण आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका. मी गेले होते. मिठात सुटे रेणू नसतातच, सोडियम आणि क्लोराइड आयनांची अखंड जाळी असते. तिथे वितळवायचं म्हणजे आयनिक बंधाशीच सामना, म्हणून ८०१ अंश लागतात. वाळूतली सिलिका तशीच, सहसंयुज बंधांची जाळी. तेव्हा उत्कलनांक किंवा द्रवणांक विचारला की आधी बघा, पदार्थ सुट्या रेणूंचा आहे की जाळीचा? हे न बघता लिहायला घेतलंत तर पाठांतर कितीही असो, गुण जाणार.

आता वायू. आमच्या पुस्तकात बंधांचा धडा पाचवा होता आणि वायूंचा दहावा, मध्ये चार धडे. त्यामुळे दोन्हींचा काही संबंध आहे हे मला कोणी सांगितलंच नाही. बॉइल, चार्ल्स, ॲव्होगाड्रो यांची गणितं सरावाने येतात. तापमान केल्व्हिनमध्येच घ्या, २७ अंश म्हणजे ३००. आणि वायू स्थिरांक ०.०८२१ घेतलात तर दाब ॲटमॉस्फिअरमध्ये, आकारमान लिटरमध्ये, ८.३१४ घेतलात तर पास्कल आणि घनमीटर. गणितातले गुण बहुतेक इथेच सांडतात, बाकी भीतीचं कारण नाही.

आदर्श वायू म्हणजे ज्याच्या रेणूंना एकमेकांची ओढच नाही. पण खरोखर तसं असतं तर घरातलं १४.२ किलोचं सिलिंडर शक्यच नव्हतं. तेवढा गॅस मोकळा सोडला तर सहा हजार लिटरांहून जास्त जागा व्यापेल. दाबाखाली त्याचा द्रव होतो तो रेणूंच्या ओढीमुळेच. सिलिंडर हलवलं की आत डचमळतं, तो आवाज तुम्ही ऐकलाच असेल. व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये ही ओढ समीकरणात आणली. त्यातला ‘ए’ हा स्थिरांक म्हणजे वहीतला माझा लाल रंगच. कार्बन डायऑक्साइडचा ‘ए’ हेलियमच्या सुमारे शंभरपट आहे. हे कळलं त्या रात्री दोन्ही धडे मी शेजारी ठेवून वाचले आणि पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपल्याला जमेल.

उकळण्याचंही तसंच. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणून आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला आणखी दोन-तीन अंश आधी, आणि कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे १२० च्या जवळ. ऑक्सिजन-हायड्रोजन बंध काही घाट चढल्यावर सैल होत नाही.

क्लास लावा की लावू नका, यावर मी भांडणार नाही. घरची परिस्थिती प्रत्येकाची वेगळी असते. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, अभ्यास तेवढ्यावरही होतो. पण तुमच्या चुकीवर उलटा प्रश्न विचारणारं एक माणूस मात्र शोधाच. टॉपर असायची गरज नाही. लगेच उत्तर देऊन मोकळं होणाऱ्यापासून जरा लांबच राहा. आणि इंग्रजी शब्दांनी गांगरून गेलात तर दिवाळीपर्यंत थांबा. मलाही तोवर प्रत्येक वाक्य मनात मराठी करून घ्यावं लागायचं, नंतर आपोआप सुटलं.

प्रयोगशाळेत कधी आयोडीन तापवताना बघायला मिळालं तर नळीत जांभळी वाफ भरते आणि वरच्या थंड काचेवर पुन्हा तेच काळसर चमकदार कण बसतात. बाई विचारतील, वाफेत काय आहे? सुटे आयोडीन अणू म्हणू नका. जोडीचा रेणू जोडीनेच वर गेला आणि जोडीनेच खाली बसला.