अमेरिकी निवडणुकीतील हिस्पॅनिक मतांचा कौल कसा वाचावा

‘हिस्पॅनिक मत’, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या अमेरिकी मतदारांचे मत, एकगठ्ठा समजून चालू नये. आधी लोकसंख्या आणि मतदार यांतला फरक ध्यानात घ्यावा, कारण या समाजात अठरा वर्षांखालील मुले आणि नागरिकत्व नसलेले रहिवासी यांचे प्रमाण मोठे असल्याने लोकसंख्येतील वाटा मतपेटीत पुरता उतरत नाही. तरीही २०२४ मध्ये पात्र हिस्पॅनिक मतदार सुमारे ३ कोटी ६० लाख होते.

मग मूळ प्रदेश पाहावा. मायामीतील क्यूबन आणि ॲरिझोनातील मेक्सिकन वंशाचे मतदार यांचा राजकीय इतिहासच वेगळा आहे. प्वेर्तो रिकन तर जन्मतः अमेरिकी नागरिक. प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटावर राहून त्यांना अध्यक्षीय निवडणुकीत मत देता येत नाही, मात्र फ्लोरिडात स्थायिक होऊन नोंदणी केली की तो हक्क मिळतो.

सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे राष्ट्रीय एक्झिट पोलवर न थांबता काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) आकडे उघडणे. टेक्सासमधील रिओ ग्रांदे नदीकाठच्या स्टार काउंटीत जवळपास सर्वच लोक हिस्पॅनिक आहेत. तेथे २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मते होती, २०२० मध्ये त्याच पक्षाचे बायडेन ५२ टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे ट्रम्प जिंकले. त्याआधी शंभराहून अधिक वर्षांत तेथे अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जिंकला नव्हता. स्थलांतर हाच या मतदारांचा एकमेव प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांनी हे आकडे अवश्य पाहावेत. टक्केवारीशेजारी प्रत्यक्ष मतांची संख्याही मांडावी, म्हणजे मतदार बाजू बदलून गेले की घरीच राहिले, याचा अंदाज येतो.