किनारा नकाशावर उतरवण्याआधी: नुसती तारीख पुरत नाही

मालवण तालुक्यातल्या एका गावाची किनाररेषा मी दोन उपग्रहचित्रांवरून काढली, दोन रेषांमधलं अंतर मोजलं आणि चार वर्षांत समुद्र तीस मीटर आत आला असा नकाशा ग्रामस्थांसमोर भिंतीवर लावला. ज्यांची घरं पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, लागून माडांच्या बागेत आहेत तीच माणसं पुढच्या रांगेत बसली होती. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आयुष्य गेलेल्या एका काकांनी नकाशाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे फोटो काडले तेव्हा तिथ काय होती?" तिथी मला सांगता आली नाही. घरी येऊन पाहिलं तर जुनं चित्र अष्टमीचं, नवं पौर्णिमेचं. म्हणजे एक रेषा भांगाच्या (अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हाच्या) ओहोटीची आणि दुसरी उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येला ते सगळ्यात जास्त चढतं तेव्हाच्या) भरतीची. धूप झाली होती की नव्हती, हे त्या दोन रेषांवरून कळणंच शक्य नव्हतं. पण त्या रात्री काही घरांत कोणाला झोप लागली नाही आणि त्याला कारण माझा नकाशा होता. ही यादी त्यासाठी लिहितो आहे. कोकणच्या किनाऱ्यावर जो कोणी असं काम काढेल, त्याने निदान ही एक चूक करू नये.

आधी ठरवा की 'किनारा' म्हणजे नेमकी कुठली रेषा. पाणी आणि वाळू यांची त्या क्षणाची सीमा, ओल्या आणि कोरड्या वाळूची सीमा, भरतीने आणून टाकलेल्या पाल्याकचऱ्याचा पट्टा, की झाडोरा जिथून सुरू होतो ती कड? या चारही रेषा खऱ्या आहेत आणि एकाच पुळणीवर त्यांच्यात पन्नास मीटरचं अंतर सहज असू शकतं. एक निवडा आणि सगळ्या वर्षांसाठी तीच ठेवा. वाळूच्या किनाऱ्यावर झाडोऱ्याची कड भरती-ओहोटीने हलत नाही, म्हणून तुलनेसाठी मला आता तीच बरी वाटते, पण मध्ये कोणी सुरूच्या झाडांची लागवड केली असेल तर तीही फसवते. आणि एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: तुम्ही काढलेली रेषा ही सीआरझेडची, म्हणजे सरकारच्या किनारा नियमन क्षेत्राची, भरतीरेषा नाही. २०१९ च्या अधिसूचनेतली भरतीरेषा उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर पोचतं ती असते, ती अधिकृतपणे आखून मंजूर होते आणि लोकांच्या घरबांधणीचा प्रश्न तिच्यावर अवलंबून असतो. तुमच्या रेषेवरून कोणाला 'तुमचं घर क्षेत्राबाहेर आहे' असं सांगू नका.

चित्रं फुकट मिळतात, त्यावर जास्त लिहीत नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाची दहा मीटरची, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा, लँडसॅट या उपग्रहाची तीस मीटरची. सेंटिनेल २०१५ च्या मागे जात नाही. त्याआधीचं हवं असेल तर लँडसॅटच. गूगल अर्थची जुनी चित्रं बघायला छान आहेत, पण ती तुकडे जोडून केलेली असतात आणि खाली नुसती तारीख दिसते, वेळ नाही. तुलनेसाठी वापरू नका.

आता वेळ. चित्राची तारीख लिहिली म्हणजे झालं असं मला वाटत होतं. तसं नाही. वेळ लिहा. सेंटिनेलच्या फाइलच्या नावातच तारखेपुढे 'टी' अक्षर असतं आणि त्यानंतर सहा आकडे. ती वेळ जागतिक घड्याळाची असते, आपली नाही. साडेपाच तास मिळवा. ०५:३६ म्हणजे आपले ११:०६. हे मिळवायचं विसरलात तर भरतीच्या तक्त्यात पहाटेचं पाणी बघाल आणि सगळं उलटं होईल. भरती आणि ओहोटी यांच्यात सव्वासहा तासांचंच अंतर असतं.

मग तिथी. कोकणात हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे बारापर्यंत. हा अंदाज आहे. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळे मालवणात ती मुंबईच्या आधी येते. पण उपग्रहाचं काय ते बघा. तो दर खेपेला साधारण त्याच वेळी, आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास, डोक्यावरून जातो. लँडसॅट थोडा आधी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला तो कायम उधाणाच्या भरतीजवळचं पाणी पाहणार आणि अष्टमीला कायम भांगाच्या ओहोटीजवळचं. उधाणाची खरी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, जेव्हा खडकांवर कालवं काढायला बायका उतरतात, ती पहाटे आणि संध्याकाळी असते. ती या उपग्रहांना आपल्या किनाऱ्यावर दिसतच नाही. शंभर चित्रं गोळा केलीत तरी दिसणार नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी 'सर्वात कमी पाण्याचं चित्र' शोधण्यात आठवडा घालवला नसता.

तिथीवरून अंदाज घेतलात की तक्ता बघाच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते मिळतात, जवळचं बंदर निवडायचं आणि त्या दिवशी, त्या मिनिटाला पाणी किती होतं ते दोन नोंदींच्या मधलं गणित करून काढायचं. आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून तिथीच्या भरवशावर राहू नका. आणि तक्त्यातली उंची सागरी नकाशाच्या पायापातळीपासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. जमिनीच्या उंचीचे आकडे सरासरी समुद्रसपाटीचे असतात. दोन्ही एकाच रकान्यात टाकलेत तर मीटरभराची चूक होते आणि ती नंतर कोणालाही सापडत नाही.

मीटरभर म्हणजे किती, ते इथेच करून बघा. पुळणीचा उतार तीसास एक धरा, म्हणजे तीस मीटर चाललं की एक मीटर उतरतो. पाणी एक मीटरने वर असलं तर कड तीस मीटर आत. सेंटिनेलचे तीन ठिपके. माझे तीस मीटर नेमके हेच होते. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढउतार करतं, तिथल्या सपाट चिखलावर हाच घोळ शेकडो मीटरचा होईल. मालवणात चढउतार त्याच्या निम्म्याने आहे म्हणून मी निर्धास्त राहिलो होतो. राहू नका.

ऋतू पण बघा. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून समोर पाण्याखाली नेऊन टाकतात, पुळण अरुंद होते. दिवाळीनंतर ती हळूहळू परत येते. ऑक्टोबरच्या चित्राशी एप्रिलचं लावलंत तर दरवर्षी पुळण 'वाढलेली' दिसेल. एकच महिना धरा. फेब्रुवारी ते एप्रिल आकाशही स्वच्छ असतं. तोच महिना, जवळपास तीच तिथी, पाण्याची तीच पातळी. दहा-वीस सेंटिमीटरचा फरक चालेल, मीटरचा नाही. जुळणारी जोडी मिळाली नाही तर तुलना करू नका. चित्र मिळालं आहे म्हणून वापरायचं, असं करू नका.

कातळाचे कडे असतील तिथे हा जाच कमी. जांभ्याचा उभा कडा आहे, पाणी मीटरभर चढलं तरी रेषा जागची हलत नाही. खाडीत मात्र वेगळं संकट: कांदळवनात वरून तिवरांचे शेंडे दिसतात, खालचं पाणी नाही. भरती झाडांच्या मुळांतून आत खाजणापर्यंत गेलेली असते आणि चित्रात हिरवं रान दिसतं. तिथे कुठली कड धरणार ते आधी ठरवा. खाडी किती आतपर्यंत 'किनारा' मोजायची हेही आधीच ठरवा, म्हणजे पुलापर्यंत, तरीपर्यंत (होडीने खाडी ओलांडतात ती जागा), की मुखावरून सरळ रेषा. कर्ली खाडीसारख्या ठिकाणी, जिथे देवबागचा वाळूचा दांडा एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी घेऊन उभा आहे, तिथे हा निर्णय घेतला नाहीत तर लांबी दुप्पट किंवा निम्मी होईल.

लांबीवरून आठवलं. भारताचा किनारा वर्षानुवर्षं ७,५१६ किलोमीटर म्हणून पाठ केला, आता तो सरकारी आकड्यात ११,०९८ किलोमीटर झाला आहे. जमीन वाढली नाही. मोजणी जास्त बारीक नकाशावर झाली, म्हणून प्रत्येक खाडी-कोपरा मोजला गेला. तुमच्याही कामात हेच होतं. एका वर्षाची रेषा पडदा मोठा करून काढली आणि दुसऱ्या वर्षाची लांबून, तर लांबीची तुलना वाया. क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे ज्या संगणक कार्यक्रमात रेषा काढतो त्यात, प्रमाण एकदा ठरवा आणि खाली लिहिलेला आकडा हलू देऊ नका. दहा मीटरच्या ठिपक्याच्या आत घुसून वळणं काढू नका, तिथे काहीच नाही.

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मीटरांत मांडायची पद्धत: कोकणपट्टी सगळी यूटीएम ४३ उत्तर या पट्ट्यात येते, कार्यक्रमातला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. अंश-मिनिटांत ठेवून अंतर मोजू नका. जुने टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाचे छापील नकाशे, वापरणार असाल तर ते एव्हरेस्ट गोलकावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आहेत, रूपांतर न करता वर ठेवलेत तर सगळा किनारा जागेवरून सरकेल. मंदिर, दीपगृह, जुना पूल असे न हललेले पाच-सहा बिंदू जुळतात का ते डोळ्याने बघा.

पाणी-जमीन वेगळी करायला निर्देशांक, म्हणजे चित्राच्या दोन प्रकाशपट्ट्यांवरून काढलेला आकडा, वापरा, हाताने काढण्यापेक्षा बरं. हिरव्या आणि जवळच्या अवरक्त पट्ट्याचा एक आहे, मॅकफीटर्सचा १९९६ चा. हिरव्या आणि लघुलहरी अवरक्त पट्ट्याचा दुसरा, शू यांचा २००६ चा. दुसरा गढूळ पाण्याला बरा, पण सेंटिनेलचा तो पट्टा वीस मीटरचा आहे. लाटांचा फेस जमीन म्हणून येतो आणि ओली वाळू पाणी म्हणून. निकाल आला की पूर्ण रेषेवर एकदा सावकाश फिरा.

रेषेच्या तक्त्यात रकाने आधी बनवा, रेषा नंतर काढा. इथे माझी चूक मुळात जन्मली. मी शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या फाइलचा जुना प्रकार, वापरली होती आणि तिच्या तारखेच्या रकान्यात नुसती तारीख बसते, वेळ बसतच नाही. चित्राची वेळ मला उतरवताना दिसली होती. पण तिला जागा नव्हती म्हणून ती गेली, आणि मला ती गेल्याचं कळलंही नाही. जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरा. त्यात नावं दहा अक्षरांत कोंबावी लागत नाहीत आणि देवनागरीही नीट राहते. रकाने असे: चित्राचा स्रोत, तारीख, जागतिक वेळ, भारतीय वेळ, तिथी, पाण्याची पातळी, पातळी कशापासून, कुठली कड धरली, कोणी काढली. वेळेचा रकाना रिकामा असेल तर ती रेषा जतनच करू नका. मी आता तो रकाना सक्तीचा ठेवतो.

गावात जाऊन पडताळणी कराच. पाणी, टोपी, पॉवर बँक, हे सांगायला नको. मोबाइलचा जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतो, दहा मीटरच्या चित्राला तेवढं पुरे. ओल्या-कोरड्या वाळूच्या सीमेवरून चाला, आणि चालताना घड्याळात किती वाजलेत ते लिहा, कारण तासाभरात ती सीमा तुमच्या पायाखालून सरकते. उधाणाच्या दिवशी खडकांच्या टोकाला एकटे जाऊ नका. रापण ओढत असतील तर दोरावरून चालू नका, थांबा, दोर ओढायला हात लावा, मग विचारा की बंधारा घालण्याआधी पाणी कुठवर यायचं. ड्रोन न्यायचा असेल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर ते क्षेत्र हिरवं आहे का ते बघा, किनाऱ्यावर लाल क्षेत्रं बरीच आहेत.

बदलाचा वेग काढायला डीएसएएस हा संगणक कार्यक्रम आहे. आधाररेषा, आडवे छेद, बाकी ते करतं. पण अनिश्चिततेचा रकाना शून्य ठेवू नका. ठिपक्याची चूक, जुळणीची चूक आणि पाण्याच्या पातळीची चूक, तिघी धरा. दोनच वर्षांवर वेग काढू नका, चार-पाच तरी घ्या.

शेवटची कामं झटपट: रेषा तुटलेल्या नाहीत ना, एकमेकींना छेदत नाहीत ना, बघा. ओपनस्ट्रीटमॅपवर टाकणार असाल तर रेषेच्या डावीकडे जमीन, उजवीकडे पाणी. प्रत काढून ठेवा, दोन ठिकाणी. छापण्याआधी नकाशाच्या कोपऱ्यात प्रत्येक रेषेपुढे तारीख, वेळ, तिथी आणि पाण्याची पातळी आली आहे का ते बघा. नसेल तर गावात लावू नका. मी तो नकाशा भिंतीवरून काढून परत आणला, दोन्ही चित्रं बदलली, सप्तमीची सप्तमीशी लावली आणि पुन्हा जाऊन त्याच काकांना आधी दाखवला.