लॅपटॉपचा ईसी डीबग करताय? या चुका टाळा

पंखा कारण नसताना घोंघावतो, बॅटरीचा आकडा एकाच जागी अडकतो, झाकण उघडलं तरी लॅपटॉप जागा होत नाही. लिनक्सवर अशा तक्रारींचा माग काढत गेलं की बऱ्याचदा शेवटी एम्बेडेड कंट्रोलरपाशी (ईसी), म्हणजे पंखा, बॅटरी, झाकण सांभाळणाऱ्या छोट्या चिपपाशी येऊन थांबावं लागतं. त्यात डोकावण्यासाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २०१० पासून ईसी-सिस नावाचं मॉड्यूल (हवं तेव्हा लोड करायचा भाग) आहे. ते लोड केलं की डीबगएफएसमध्ये (कर्नल डीबग करण्यासाठीच्या फाइलींची जागा) ईसी० या फोल्डरात 'आयओ' नावाची २५६ बाइटची फाइल दिसते.

बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. ती फाइलसारखी दिसते, म्हणून आपण तिला फाइलसारखं वागवतो. प्रत्यक्षात तिच्यातला एकेक बाइट वाचताना कर्नल हेक्स ६६ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायातला आकडा) या पोर्टवर हेक्स ८० ही कमांड पाठवतो, हेक्स ६२ या पोर्टवर पत्ता देतो आणि उत्तराची वाट बघतो. लिहिताना कमांड हेक्स ८१. पलीकडे स्वतःचा प्रोग्राम चालवणारा एक वेगळा छोटा संगणक आहे आणि आपण लिहिलेला प्रत्येक बाइट तो आज्ञा म्हणून घेतो.

इको आणि डीडीची जोडी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हे नीट बघू. समजा हेक्स ९३ या रजिस्टरमध्ये, म्हणजे ईसीच्या एका बाइटच्या कप्प्यात, ५ लिहायचेत. मजकूर छापणाऱ्या इको कमांडचं आउटपुट पाइपने बाइट लिहिणाऱ्या डीडीला दिलं, ब्लॉक साइज १ ठेवली, सीकमध्ये पत्ता दिला, एंटर मारलं. इको शेवटी नवी ओळ जोडतो आणि तिची किंमत १०. डीडीने ५ लिहिले हेक्स ९३ वर आणि लगेच १० लिहिले हेक्स ९४ वर. ९४ वर काय आहे, हे आपल्याला ठाऊकच नसतं.

माझ्याकडून हे एकदा झालंय. पंखा मंद गतीवर अडकला आणि काही केल्या वाढेना. हेक्सडंप काढला तेव्हा ०५ च्या शेजारी ०ए (हेक्समधले १०) दिसला आणि मग उलगडा झाला. इकोऐवजी प्रिंटएफ वापरा आणि डीडीला काउंट १ द्यायला विसरू नका.

दुसरा सापळा सीकचा. ग्नू डीडीला आकड्यातला एक्स म्हणजे गुणाकाराचं चिन्ह वाटतं. सीकमध्ये 'शून्य एक्स ९३' लिहिलं की तो शून्य गुणिले ९३ करतो, म्हणजे शून्य. तुमचा बाइट थेट पहिल्या रजिस्टरवर जातो. नव्या आवृत्त्या इशारा देतात, पण लिहायचं ते लिहूनच टाकतात. पत्ता दशमान पद्धतीत द्या, १४७, किंवा शेलकडूनच आकडेमोड करून घ्या. आणि ही फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून सेव्ह तर कधीच करू नका, एका बाइटसाठी सगळेच्या सगळे २५६ परत लिहिले जाऊ शकतात.

रीस्टार्ट केलं तरी तसंच

लॅपटॉप बंद असतानाही ईसीला वीज मिळत असते, पॉवरचं बटण दाबल्याचं कळणार तरी कसं? त्यामुळे चुकीची किंमत रीस्टार्टनंतरही टिकू शकते. मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि पॉवर बटण बराच वेळ दाबून धरा. माझा पंखा यानेच ताळ्यावर आला. काही मॉडेलमध्ये खालच्या बाजूला टाचणीने दाबायचं रीसेटचं छिद्र असतं.

रूट असूनही परवानगी नाही

ईसी-सिस मुळात फक्त वाचू देतं. लिहायचं असेल तर मॉड्यूल लोड करतानाच राइट-सपोर्ट १ द्यावं लागतं. ते कायमचं कॉन्फिगमध्ये टाकून ठेवू नका, त्यातून एक चमत्कारिक प्रकार घडतो. कर्नल ५.४ पासून लॉकडाउनची, म्हणजे रूटलाही कर्नलमध्ये ढवळाढवळ करू न देण्याची, सोय आली आणि अनेक डिस्ट्रो सिक्युअर बूट चालू असलं की ती आपोआप लावतात. लॉकडाउनमध्ये डीबगएफएसच्या फक्त वाचनाची परवानगी असलेल्या फाइलीच उघडतात. राइट-सपोर्ट दिलं की आयओ फाइलची परवानगी ०४०० (फक्त वाचन) ची ०६०० (वाचन आणि लेखन) होते आणि मग लिहिणं सोडाच, वाचणंही अडतं. लोक ड्रायव्हर बिघडला समजून कर्नल बदलत बसतात. सिक्युरिटीएफएसमधली (कर्नलच्या सुरक्षेच्या फाइलींची जागा) 'लॉकडाउन' फाइल बघा, चालू असलेला पर्याय चौकटी कंसात असतो. नुसतं वाचायचं असेल तर मॉड्यूल काढून राइट-सपोर्टशिवाय परत लोड करा.

दुसऱ्याच्या लॅपटॉपचा नकाशा

रजिस्टरचे पत्ते मॉडेलगणिक बदलतात. आपल्याच मशीनचा डीएसडीटी (फर्मवेअरने दिलेलं हार्डवेअरचं वर्णन) काढा, आयएएसएल या साधनाने उलगडा आणि 'एम्बेडेड-कंट्रोल' प्रकारचा ऑपरेशन रीजन शोधा. फील्डची नावं, पत्ते, रुंदी सगळं तिथे मिळतं. रुंदी जरूर बघा. कित्येक फील्ड एका बिटाची असतात. तिथे आख्खा बाइट लिहिलात तर शेजारचे सात बिटही बदलतील. आधी वाचा, हवा तो बिट बदला, मग लिहा. काही निर्माते ईसीची मेमरी 'सिस्टम-मेमरी' रीजनमधून दाखवतात. तशी फील्ड आयओ फाइलमध्ये सापडतीलच असं नाही.

दोन बाइटच्या किमतींबाबतही जपून. पंख्याची गती ४०९५ वरून ४०९६ झाली, म्हणजे हेक्स ०एफएफएफ वरून १०००. तुम्ही खालचा बाइट बदलाआधी वाचला आणि वरचा बदलानंतर, तर हाती येतं १०एफएफ, म्हणजे ४३५१. असा एखादाच उडालेला आकडा दिसला तर दोन-तीनदा वाचून खात्री करा.

थेट पोर्टवर हात घालणं

हेक्स ६२ आणि ६६ या पोर्टवर परस्पर लिहिणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट अजून फिरतात. कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर त्याच पोर्टवर बोलत असतो. त्याचं बोलणं अर्ध्यात तोडलं की एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं. या वाटेला जाऊच नका.

लॉग वाचताना

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'इंटरप्ट ब्लॉक्ड' किंवा 'इव्हेंट ब्लॉक्ड' दिसलं की घाबरायचं कारण नाही. स्लीपमध्ये जाता-येता ईसी ड्रायव्हर हे नेहमीच सांगतो. खरा तपशील हवा तर डायनॅमिक डीबगमधून ईसीच्या सोर्स फाइलचे संदेश चालू करा. पण त्याच वेळी आयओ फाइल वाचू नका, प्रत्येक वाचनाचे २५६ व्यवहार लॉगमध्ये येतील आणि तुम्हाला हवी ती ओळ त्यात बुडेल.

ईसी कर्नलला जीपीई नावाच्या इंटरप्ट संकेतामार्फत हाक मारतो. त्याचा क्रमांक आयओच्या शेजारच्या 'जीपीई' फाइलमध्ये हेक्समध्ये मिळतो आणि सिसएफएसच्या एसीपीआय इंटरप्ट फोल्डरात त्याची मोजणी असते. ती सेकंदाला हजारांनी वाढत असेल तर इंटरप्टचं वादळ सुरू आहे. अशा वेळी तो जीपीई मास्क, म्हणजे बंद, करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. ईसीचा जीपीई मास्क केला की त्याच्या वाटेने येणाऱ्या झाकणाच्या, चार्जरच्या आणि हॉटकीच्या सूचनाही बंद होतात. सीपीयू शांत होतो, पण मूळ दोष तिथेच राहतो.

क्रोमबुक असेल तर आधी डीबगएफएसमधलं 'क्रॉस-ईसी' फोल्डर उघडा. तिथल्या 'कन्सोल-लॉग'मध्ये ईसी स्वतःच्या शब्दांत काय चाललंय ते सांगतो, त्यामुळे बाइट चाळत बसावं लागत नाही.

बाकी ठिकाणी डंपची, म्हणजे सगळ्या २५६ बाइटच्या नोंदींची, तुलनाच करावी लागते. काहीही न बदलता आधी तीन डंप घ्या आणि आपोआप हलणारे बाइट, तापमान वगैरे, वेगळे काढा. मग फक्त चार्जर लावा आणि चौथा घ्या.