उत्तरा-हस्ताच्या पावसाआधी रब्बीच्या रानात सारे पाडा

पुराचा विचार करताना सोलापूरच्या शेतकऱ्यांनी दोन पुरांत फरक करावा. भीमेचा पूर बहुतांशी घाटमाथ्यावरच्या पावसाचा आणि उजनी धरणातून सुटणाऱ्या विसर्गाचा असतो. त्यावर आपल्या बांधबंदिस्तीचा उपाय चालत नाही. सीना, बोरी, माण आणि त्यांना मिळणारे ओढे मात्र पठारावरच्या पावसानेच फुगतात, आणि तेथे शिवारात थोपवलेले पाणी कामी येते. सप्टेंबर 2025 मधील सीनेच्या पुरासारखा महापूर अशा कामांनी टळणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मध्यम पावसाचा लोंढा मात्र या कामांमुळे उशिरा व कमी जोराने ओढ्यात उतरतो.

एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 1 लाख लिटर पाणी जमा होते. भारी काळी जमीन कोरडी असताना भेगांतून भराभर पाणी पिते, परंतु फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग फार मंदावतो आणि वरचे पाणी मातीसह वाहू लागते. म्हणून ज्वारीसाठी खरिपात मोकळे ठेवलेले रान ऑगस्टअखेरपर्यंत बळीराम नांगराने किंवा सारा यंत्राने उताराला आडवे-उभे सारे (मातीचे छोटे वरंबे) पाडून चौकोनी वाफ्यांत विभागावे. उतार जास्त असेल तेथे वाफे लहान ठेवावेत. जिल्ह्यातील रब्बीच्या रानाचा पसारा पाहता, आमच्या मते याहून स्वस्त तलाव दुसरा नाही.

जादा पाण्यासाठी बांधाला दगडी सांडवा ठेवावाच, नाहीतर एक बांध फुटला की खालचे सगळे फुटत जातात. डाळिंबाच्या बागेत व उसाच्या फडात पाणी साचू देऊ नये. तेथे चर मोकळे करावेत.

ओढ्याच्या वरच्या अंगाला अनगड दगडांचे बांध घालावेत आणि काठावर वाळा, बांबू, करंज राखावेत. रान वाढावे म्हणून ओढ्याची वळणे सरळ करण्याची जी चाल पडली आहे, ती थांबवावी, कारण सरळ ओढा पाणी खालच्या शेजाऱ्याच्या रानात वेगाने नेऊन घालतो.

सप्टेंबरच्या मध्यानंतर वाफसा (पेरणीजोगी ओल) येताच ज्वारी पेरावी आणि पेरणीत मोडलेले सारे परतीच्या पावसासाठी लगेच पुन्हा ओढून घ्यावेत.