रेकॉर्डरला ड्राइव्ह जोडताय? या चुका टाळा

खिशात मावणारा ऑडिओ रेकॉर्डर घेतला की महिन्याभरात कार्ड भरतं, आणि मग वाटतं, हार्ड डिस्क सरळ रेकॉर्डरलाच लावली तर? पहिली चूक इथेच होते. बहुतेक छोट्या रेकॉर्डरचं यूएसबी पोर्ट कॉम्प्युटरला जोडण्यापुरतं असतं. ओटीजी केबल (फोनला पेनड्राइव्ह जोडायची) लावा, अडॅप्टर लावा, त्याला ड्राइव्ह दिसतच नाही, कारण तशी सोयच आत नसते. बाहेरचा ड्राइव्ह चालतो असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच त्या वाटेला जा. माझं म्हणाल तर तेव्हाही रेकॉर्डिंग कार्डावरच करा आणि ड्राइव्ह कॉपीसाठी ठेवा.

सोय असूनही ड्राइव्ह दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही. मग वीज. यूएसबी 2.0 पोर्टातून ठरलेली मर्यादा 500 मिलीअँपिअरची, आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सुरू होताना त्याहून जास्त वीज ओढू शकते. टिकटिक आवाज येऊन डिस्क पुन्हा पुन्हा बंद होत असेल तर बहुधा हेच दुखणं. पेनड्राइव्ह किंवा कमी वीज खाणारा एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारा ड्राइव्ह, लावा. शिवाय फिरत्या डिस्कची घरघर माइकमध्ये उतरते ती वेगळीच.

नंतर फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत. विंडोजची एनटीएफएस पद्धत बहुतेक रेकॉर्डरना वाचता येत नाही. त्यांना एफएटी32 किंवा एक्सएफएटी लागतं. एफएटी32 मध्ये एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होत नाही. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण 1 जीबी खाते, म्हणजे चार तास निघतात. पण आठ ट्रॅक एकाच फाइलमध्ये घेतले तर तासाभरात मर्यादा येते. रेकॉर्डर तिथे नवी फाइल सुरू करतो, आणि कॉपी करताना दुसरा तुकडा मागे राहतो. तुकडे मोजून घ्या. कार्ड फॉरमॅट करायचं ते रेकॉर्डरच्याच मेनूतून, आधीचं सगळं दोन ठिकाणी उतरवल्यावर.

आता सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट. एका वयोवृद्ध शिक्षिकाबाईंची मुलाखत घेताना मी रेकॉर्डर पॉवर बँकेवर चालवला होता, आत सेल नव्हते. रेकॉर्डर इतकी कमी वीज घेत होता की पॉवर बँकेला वाटलं काही जोडलेलंच नाही, आणि ती आपोआप बंद झाली. फाइल 600 एमबीची, पण कालावधी 00:00. आवाज कार्डावर होता. किती लांबीचा आहे ही वेव्ह फाइलच्या सुरुवातीची नोंद तेवढी अपुरी राहिली होती, कारण ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर पूर्ण होते.

अशा वेळी त्या कार्डावर काहीही लिहू नका. कॉम्प्युटरने ‘दुरुस्त करू का’ विचारलं तरी नाही म्हणा. आधी फाइल दुसरीकडे कॉपी करा. मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती रॉ डेटा म्हणून, म्हणजे सुरुवातीची नोंद न मानता, आयात करा आणि रेकॉर्डिंगच्या वेळचेच आकडे द्या: साइन्ड 24 बिट, लिटल एंडियन, 2 चॅनल, 48000. नुसती खरखर ऐकू आली तर घाबरू नका; स्टार्ट ऑफसेट, म्हणजे सुरुवातीचे किती बाइट सोडायचे तो आकडा, 0 ऐवजी 1, मग 2 करून पाहा. मला तिसऱ्या प्रयत्नाला आधी एक कर्कश टिक ऐकू आली, मग बाईंचं खाकरणं, आणि मग त्यांचा आवाज. सुमारे 35 मिनिटं, जशीच्या तशी. फाइल 0 बाइटची दिसत असेल तर मात्र हा उपाय चालत नाही; फोटोरेकसारखं हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर वापरा, आणि सापडलेलं त्याच कार्डावर साठवू नका.

कॉपी करताना ‘कट’ कधीच करू नका. मध्येच केबल हलली तर इथलंही जाण्याचा धोका, आणि तिथलं अर्धवट. फॉरमॅटनंतर काही रेकॉर्डर फाइलचे क्रमांक पुन्हा 0001 पासून सुरू करतात, त्यामुळे नवी फाइल ड्राइव्हवरच्या जुन्या फाइलच्या जागी बसू शकते. म्हणून दर वेळी तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करा. मॅकवरून कार्ड वापरलं असेल तर ‘._’ ने सुरू होणाऱ्या काही केबींच्या फाइली दिसतील. तो तुमचा आवाज नव्हे. ड्राइव्ह काढण्याआधी इजेक्ट करा, मग ड्राइव्हवरूनच फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवटचं मिनिट ऐका. त्यानंतरच कार्ड पुसा.